फ्रिपच्या चित्रातल्या ढाली

चित्राच्या मधोमध लाल कोटांचं कोंडाळं आहे. पाठीला पाठ लावून उभे राहिलेले, काही गुडघ्यावर आलेले, संगिनी बाहेरच्या बाजूला रोखलेले गोरे शिपाई. त्यांच्यात एक सार्जंट, त्याच्या आडोशाला पलटणीचा ढोल वाजवणारा कोवळा पोरगा, वर निशाण, आणि मागे बसलेल्या सिंहासारखा दिसणारा, दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडल्वानाचा डोंगर. या कोंडाळ्याला सगळीकडून झुलू योद्ध्यांनी घेरलंय. पिसं, शेपट्यांचे झुबके, भाले, ढाली. पुढच्या भागात पडलेली माणसंही आहेत. चित्रकार चार्ल्स एडविन फ्रिप. १८८५ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत हे तैलचित्र लागलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘द लास्ट स्टँड अ‍ॅट इसांधुला’. आता ते लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

माझ्याकडे त्याची मोठी छपाई आहे. साताऱ्यात चित्रकलाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि जोडीला दिवाळी अंकांसाठी, ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी लढायांची चित्रं काढली. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं समोर ठेवून हात बसवलेली आमची पिढी. त्यामुळे लढाईचं चित्र बघताना मी आधी जखमा बघत नाही, रचना बघतो. फ्रिपची रचना पक्की आहे. निशाणाचं टोक, खाली रुंद होत जाणारा माणसांचा त्रिकोण, आणि त्या त्रिकोणाच्या पोटात पोरगं. बघणाऱ्याची नजर त्या पोरावरच जाऊन बसते आणि मग उठत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. मीही असंच करतो.

पण हे पोरगं जरा संशयास्पद आहे. इसांडल्वानाच्या लढाईत त्या दिवशी मारले गेलेले इंग्रजांच्या चोविसाव्या पलटणीतले ढोलवाले बहुतेक चांगले वयात आलेले पुरुष होते. शेवटच्या कोंडाळ्यावर निशाण फडकत असण्याचीही शक्यता कमी. पहिल्या बटालियनचं राणीचं निशाण घेऊन लेफ्टनंट मेलव्हिल घोड्यावरून निघाला होता. बफेलो नदी ओलांडताना ते त्याच्या हातून सुटलं, तो आणि सोबतचा लेफ्टनंट कॉगहिल पैलतीरावर मारले गेले, आणि निशाण ४ फेब्रुवारीला नदीत सापडलं. दुसऱ्या बटालियनची निशाणं छावणीतच गेली. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर चित्र उभं आहे त्या दोन्ही कच्च्या. चित्रकार म्हणून मी फ्रिपला याबद्दल दोष देणार नाही. त्रिकोणाला टोक लागतं.

मला त्याच्या चित्रात गुंतवून ठेवलं ते कडेच्या माणसांनी. त्या काळातल्या विलायती साप्ताहिकांतले झुलू आठवून पाहा: काळा लोंढा, पांढरे डोळे, पांढरे दात, हजार माणसांना मिळून एकच चेहरा. फ्रिपचे झुलू तसे नाहीत. कुणी वाकून आत शिरतोय, कुणी ढाल पुढे ढकलतोय, कुणी मागे वळलाय. खांद्याचे, पाठीचे स्नायू बघून काढलेले आहेत. प्रत्येकाच्या अंगावर काय आहे हे चित्रकाराला ठाऊक आहे. आणि तरीही त्यांच्या अंगावर जे आहे त्यातलं बरंचसं त्या दिवशी तिथे नव्हतं.

हे कसं होतं ते मला आमच्या धंद्यावरून कळतं. कडा चढून आलेला मावळा कसा दिसेल? गुडघे फुटलेले, पागोटं सुटलेलं, अंगावर असेल तेवढंच. मी तसा एकदा काढला होता. संपादकांनी चित्र परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: ‘मावळा जरा बरा दिसू द्या.’ पुढे मी मुकाट्याने कमरेला शेला बांधत आलो. वाचकाला योद्धा सणाच्या कपड्यांतच ओळखू येतो.

फ्रिप म्हणजे घरात बसून चित्रं काढणारा माणूस नव्हे. जन्म १८५४चा, वडील जॉर्ज आर्थर फ्रिप जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी नावाजलेले. पोराचं शिक्षण जर्मनीत, म्युनिकच्या अकॅडमीत झालं आणि तो ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकाचा खास चित्रकार झाला. फोटोंचे ठसे वर्तमानपत्रात छापता येत नव्हते त्या काळातला हा धंदा. साप्ताहिक चित्रकाराला फौजेबरोबर धाडायचं. घोडा, वही, पेन्सिल, आणि जमलंच तर पिस्तूल. चित्रकार भराभर रेखाटन करायचा, कडेला सूचना लिहायचा की इथे धूर, इथे चिखल, ही झाडं काटेरी, आणि कागद टपालाच्या जहाजावर चढवायचा. लंडनमध्ये कार्यालयातला दुसरा चित्रकार ते नीट करून काढायचा. मग कठीण लाकडाचे लहान ठोकळे बोल्टांनी जोडून केलेल्या फळीवर चित्र उतरवायचं, ठोकळे सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वाटायचे, आणि कोरून झाले की पुन्हा जोडून छापायचे. जुने अंक नीट पाहिले तर आकाशातून एखादी बारीक पांढरी रेघ सरळ खाली आलेली दिसते. तो ठोकळ्यांचा सांधा. एका कोरक्याच्या वाट्याला नुसतं गवत आलं असेल आणि दुसऱ्याच्या वाट्याला मरणारा माणूस.

इतक्या हातांतून गेल्यावर मूळ रेघ काय उरणार? म्हणूनच काही खास चित्रकार मोहिमेवरून परतल्यावर स्वतःच्या हाताने मोठं तैलचित्र करायचे. फ्रिपचं हे चित्र त्या जातीचं. लढाई २२ जानेवारी १८७९ची, चित्र सहा वर्षांनंतरचं. त्या दिवशी तो तिथे नव्हता. इसांडल्वानाची बातमी लंडनला पोचल्यावर साप्ताहिकांनी माणसं पाठवली, त्यांतला तो एक. पण त्या वर्षाची पुढची मोहीम त्याने पाहिली. अंगावर येणारे झुलू त्याला माहीत होते. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा मेल्टन प्रायर २१ मे रोजी फौजेबरोबर त्या मैदानावर गेला, तेव्हा चार महिने उघड्यावर पडलेली हाडं, मोडके गाडे आणि वाढलेलं गवत त्याने काढून पाठवलं. मला विचाराल तर त्या युद्धातलं सगळ्यात खरं चित्र तेच असेल. पण ते भिंतीवर कोण लावणार?

आता त्या दिवसाबद्दल थोडं. इंग्रज सेनापती लॉर्ड चेम्सफर्डने ११ जानेवारीला तीन तुकड्यांनी झुलू मुलखात शिरायला सुरुवात केली. आपल्याकडच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतला व्हाइसरॉय तो याचा मुलगा. बाप स्वतः हिंदुस्थानात बरीच वर्षं काढलेला, बंडाच्या काळात मध्य हिंदुस्थानात लढलेला. मधल्या तुकडीने इसांडल्वानाच्या पायथ्याशी तळ ठोकला. खंदक नाही, गाड्यांचं कडंही नाही. झुलू समोर येऊन लढणारच नाहीत ही चेम्सफर्डची काळजी होती. ते निसटून जातील म्हणून २२च्या पहाटे अर्धी फौज घेऊन तो त्यांना शोधायला निघाला, आणि वीसेक हजारांची झुलू फौज त्याच्या तळापासून काही मैलांवर एका दरीत गुपचूप बसलेली होती. त्यांचे सेनापती दोघे, न्त्शिंग्वायो आणि माव्हुमेंग्वाना. त्या दिवशी अमावास्या होती. ती अशुभ म्हणून झुलूंना लढायचं नव्हतं, दुसऱ्या दिवसाचा बेत होता. गुरांच्या मागे लागलेले काही घोडेस्वार दरीच्या काठावर आले, त्यांनी खाली पाहिलं, आणि मग कुणाच्या बेताला अर्थ राहिला नाही.

फौज उठली ती रेड्याच्या आकारात. मध्ये छाती, दोन्ही बाजूंना पुढे जाणारी शिंगं, मागे राखीव कंबर. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या, पण रांग तळापासून फार पुढे आणि विरळ पसरलेली. ती मागे सरली आणि शिंगं मिळाली. दुपारी ग्रहण लागलं. तो काळवंडलेला उजेड फ्रिपने घेतला नाही. लाल कोट लाल दिसायला हवेत, आणि ग्रहणाच्या उजेडात लाल रंग मातीसारखा होतो. तळावर सुमारे १,७०० माणसं होती, त्यांतली १,३००हून अधिक मेली. झुलूंचेही किमान हजार गेले. त्यांच्या प्रेतांवर सोबत्यांनी त्यांच्याच ढाली पांघरल्या.

इथून मी पोशाखावर येतो, कारण माझी खरी गोष्ट तिथे आहे.

झुलू योद्ध्याचा पूर्ण साज म्हणजे दंडांना आणि पोटऱ्यांना गाईच्या शेपट्यांचे दाट झुबके, छातीवर आणि पाठीवर तेच, कपाळाला पाणमांजराच्या किंवा बिबट्याच्या कातड्याचा भरीव पट्टा, गालांवर लोंबणारे माकडाच्या कातड्याचे पाखे, आणि डोक्यावर पिसं: शहामृगाची, करकोच्याची, लांबशेपट्या काळ्या पक्ष्याची. हा साज वर्षारंभी नवं पीक चाखण्याच्या सोहळ्यात, राजासमोर पलटणी नाचायच्या तेव्हा पुरा चढवायचे. लढाईला निघताना त्यातला बहुतेक घरी ठेवायचे. झाडीतून, नदीतून, एका दिवसात वीस-वीस मैल धावत जायचं, तर शहामृगाचं पीस सांभाळणार कोण? एखादं पीस, एखादा झुबका, कमरेचं कातडं, गळ्यात मंतरलेली मुळी, एवढ्यावर माणूस निघायचा. वयस्क योद्ध्यांनी थोडा जास्त साज ठेवलेला असायचा. शिवाय त्यांच्याकडे हजारोंनी जुन्या बंदुकाही होत्या. चित्राला भालाच शोभतो, तो भाग वेगळा.

फ्रिपला हे माहीत असणार. तरी त्याने सणाचा साज चढवला. आणि तो साज अचूक आहे, ही गंमत. खोटं काढताना माणूस बहुधा ढिसाळ काढतो. फ्रिपने खोटं खऱ्यापेक्षा काळजीने काढलं आहे.

एक गोष्ट मात्र सणातही होती आणि रणातही होती: ढाल. आणि ढालीच्या बाबतीत फ्रिपचा हात इतका सच्चा आहे की मी विद्यार्थ्यांना त्याच्या ढाली गिरवायला द्यायचो. केसांसकट राखलेलं गाईचं चामडं, लंबगोल कापलेलं. मधोमध उभ्या दोन रांगांत चिरा, आणि त्या चिरांमधून दुसऱ्या रंगाच्या चामड्याच्या पट्ट्या ओवलेल्या. मागच्या बाजूला या पट्ट्यांतून एक काठी उभी घातलेली. तीच मूठ, तोच कणा. काठीचं टोक ढालीच्या वर येतं आणि त्याला केसाळ कातड्याची गुंडाळी. जुन्या पद्धतीची ढाल माणसाच्या हनुवटीपर्यंत येई. पुढे झुलूंचा राजा झालेला सेट्श्वायो राजपुत्र असताना १८५६च्या भाऊबंदकीच्या लढाईच्या सुमाराला लहान, हलकी ढाल निघाली, ती तरुणांनी उचलली.

आता या ढालीचा मालक कोण? आपल्याकडे तलवार घराण्याची असते, देव्हाऱ्यात ठेवतात, दसऱ्याला पुजतात. झुलू योद्ध्याचा भाला त्याचा स्वतःचा, पण लढाईची ढाल राजाची. चामडं राजाच्या खिल्लारातल्या गुरांचं, एका कातड्यातून दोन ढाली. त्या ठेवायच्या राजाच्या लष्करी वस्त्यांत, उंदीर-वाळवीपासून दूर, खांबांवर उभारलेल्या कोठारात. पलटण बोलावली की ढाली वाटायच्या. एका वयाची सगळ्या मुलखातली पोरं मिळून एक पलटण व्हायची. तिला राजा नाव द्यायचा, जागा द्यायचा आणि ढालीचा रंग ठरवून द्यायचा. पोरसवदा पलटणींना काळ्या, गडद ढाली. वय आणि मान वाढेल तसं पांढरं वाढत जाई. उथुल्वाना ही चाळिशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्यांची पलटण, तिच्या ढाली पांढऱ्या. १८७९पर्यंत हे नियम बरेच सैल झाले होते, एका पलटणीत सरमिसळ दिसायची. तरी लांबून ढालींचा रंग बघून जाणत्याला अंदाज यायचा: समोरून येतायत ते किती वयाचे, कुठल्या वस्तीचे, लग्नाचे की बिनलग्नाचे.

बिनलग्नाचे, हे महत्त्वाचं. पलटणीतल्या माणसाला राजाने परवानगी दिल्याशिवाय लग्न करता येत नसे. परवानगी अख्ख्या पलटणीला एकदम मिळायची, बहुधा तिशी उलटल्यावर. मग डोक्यावर मेण आणि तंतूंचं कडं केसांत विणून बसवायचं. तोवर तो राजाचा माणूस: राजाची गुरं राखायची, राजाची शेतं करायची, राजाची लढाई लढायची. मुलींच्याही वयाप्रमाणे पलटणी असत. १८७६ साली सेट्श्वायोने मुलींच्या एका पलटणीला वयस्क पलटणीतल्या पुरुषांशी लग्न करायला सांगितलं. त्यांतल्या अनेकींचे जीव तरुणांवर जडलेले. त्यांनी नकार दिला, आणि काहींना मारण्यात आलं. शेजारच्या नाताळ वसाहतीतल्या इंग्रज सरकारने निषेधाचा खलिता पाठवला. तो कागद पुढे एका माणसाला फार उपयोगी पडला.

तो माणूस आमच्या साताऱ्याच्या ओळखीचा. सर बार्टल फ्रियर. १८३४ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला, पुण्यात असिस्टंट कलेक्टर झाला. १८४६मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट. १८४८च्या एप्रिलमध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर झालं, राज्य खालसा झालं, आणि खालसा झालेल्या साताऱ्याचा कमिशनरही हाच फ्रियर. पुढे सिंध, मग १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. कोटाच्या भिंती त्याच्या अमदानीत पडल्या. फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं चाललं होतं, आणि आजचा पी. डिमेलो रस्ता म्हणजे जुना फ्रियर रोड. त्याची मुलगी मेरी. दख्खनच्या दौऱ्यात आया अॅना लिबरेटा डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टींचं तिने १८६८ साली पुस्तक केलं. एकूण सुसंस्कृत घर. चाललेल्या गाड्याला खीळ घालणारा माणूस नव्हे, असंच मुंबईकर म्हणाले असते.

हाच फ्रियर १८७७ साली दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेला. झुलू आणि ट्रान्सव्हालचे बोअर यांच्यात सीमेचा तंटा होता. त्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८७८च्या जूनमध्ये निवाडा दिला, तो बराचसा झुलूंच्या बाजूने. फ्रियरने तो सहा महिने दाबून ठेवला. ११ डिसेंबर १८७८ रोजी टुगेला नदीच्या काठी, एका मोठ्या झाडाखाली, सेट्श्वायोच्या वकिलांना आधी तो निवाडा वाचून दाखवला, आणि मग त्याच दिवशी निर्वाणीच्या अटी. सरहद्द ओलांडून बायकांना पकडून नेणाऱ्यांना हवाली करा. गुरांचा दंड भरा. मिशनऱ्यांना परत येऊ द्या. पलटणी मोडा. पुरुषांना हवं तेव्हा लग्न करू द्या. राजाजवळ इंग्रजांचा एक रेसिडेंट राहील.

ही शेवटची अट वाचताना साताऱ्याच्या माणसाला काय आठवणार? पुण्याचा एल्फिन्स्टन, आणि आमच्या गावचे रेसिडेंट एकामागून एक. मोठी लढाई होते ती दोन दिवसांची. रेसिडेंट वीस-तीस वर्षं शेजारी राहतो, चहा पितो, राजाच्या तब्येतीची चौकशी करतो आणि वारस कोण याची टाचणं ठेवतो. फ्रियरने ते काम स्वतः केलेलं होतं. लंडनच्या मंत्रिमंडळाला त्या घडीला आफ्रिकेत युद्ध नको होतं. अफगाणिस्तानात एक चालू होतंच. पण लंडन ते केप तारेने जोडलेलं नव्हतं, पत्राला आठवडे लागायचे, आणि या अंतराचा फायदा कसा घ्यायचा हे हिंदुस्थानात मुरलेल्या अंमलदाराला शिकवायला लागत नाही. तीस दिवसांची मुदत सरली आणि चेम्सफर्ड बफेलो नदी उतरला.

पलटणी मोडा, म्हणजे एका वयाच्या तरुणांना एकत्र आणणारी गोष्ट मोडा. लग्नाची मुभा द्या, म्हणजे त्यांच्या मेहनतीवरचा राजाचा हक्क सोडा. मग राजाकडे उरतं काय? गुरं, आणि त्यांची चामडी. फ्रियरच्या अटी एका बाजूला ठेवून फ्रिपचं चित्र बघितलं की मला ते वेगळंच दिसायला लागतं. त्या पोराकडे नजर जातच नाही. जी गोष्ट मोडण्यासाठी हे युद्ध उभं केलं, ती फ्रिपने चित्रभर पसरून ठेवली आहे, ठिपक्यांसकट, चिरांसकट. त्याच्या मनात असं काही असेल असं मी म्हणत नाही. त्याला लाल कोटांभोवती काळ्या-पांढऱ्या आकारांची नक्षी हवी होती. ती त्याला ढालींनी दिली.

जे चित्रात नाही तेही सांगायला हवं. इंग्रजांच्या बाजूने त्या दिवशी मेलेल्यांत साडेचारशेहून अधिक आफ्रिकी होते. नाताळचे देशी पायदळ, इंग्रज अधिकारी ड्युर्नफर्डचे घोडेस्वार. पायदळातल्या बहुतेकांना गणवेश म्हणून मिळाली होती फक्त डोक्याला बांधायची लाल चिंधी, आणि बंदूक दहांतल्या एखाद्याला. त्यांतले पुष्कळ स्वतः झुलू राज्यातून परागंदा झालेल्यांची मुलं-नातवंडं. फ्रिपच्या कोंडाळ्यात ती लाल चिंधी नाही. गोरे आत, काळे बाहेर, अशी चोख वाटणी त्याने केली, आणि चित्र सोपं झालं.

दुसरी गोष्ट, त्याने क्षण कुठला निवडला. मारलेल्या शत्रूचं पोट चिरण्याचा झुलूंचा रिवाज होता. मेलेल्याचा आत्मा सुटावा, नाहीतर मारणाऱ्याला अशौच लागून तो वेडा होतो, अशी त्यामागची समजूत. मारणारा मेलेल्याचं वस्त्र अंगावर घेऊन शुद्धीकरण होईपर्यंत वेगळा राहायचा. इंग्लंडमध्ये हे सगळं निव्वळ क्रौर्य म्हणून छापून आलं. फ्रिप त्याच्या अलीकडे थांबला. त्याचे झुलू अजून लढतायत, आणि कुणी कुणाची विटंबना करत नाही. या एका संयमासाठी मी त्याला पुष्कळ गुण देईन.

अकॅडमीत चित्र फारसं गाजलं नाही. १८८५च्या जानेवारीत खार्टूम पडून जनरल गॉर्डन मारला गेला होता. लोकांच्या डोक्यात सुदान होतं, झुलू मागे पडले होते. शिवाय पराभव कोण विकत घेतं? इसांडल्वानाच्याच दिवशी संध्याकाळी जवळच रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर दीडशेच्या आसपास माणसांनी हजारो झुलूंना रात्रभर थोपवलं होतं आणि त्यांना अकरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले होते. तिथे चित्रकारांची झुंबड. फ्रेंच चित्रकार द न्यूव्हिलचं भलंमोठं चित्र १८८०चं, ते सिडनीच्या कलादालनाने घेतलं. लेडी बटलरने राणीसाठी काढलं. तिच्यासमोर चोविसाव्या पलटणीचे खरेखुरे शिपाई येऊन उभे राहिले, आणि झुलू म्हणून लंडनच्या एका तमाशातला माणूस बसवावा लागला. तिच्या चित्रात झुलू अंधारात गेलेत. न पाहिलेलं काढायचं नसेल तर अंधार टाकावा, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. फ्रिपने ती वापरली नाही, कारण त्याला गरज नव्हती. विसाव्या शतकात १९६४चा ‘झुलू’ सिनेमा आला. त्यात सेट्श्वायोचं काम त्याच्याच वंशातल्या मँगोसुथू बुथेलेझीने केलं. मग या युद्धावर पुस्तकांचा पाऊस पडला, आणि मुखपृष्ठांसाठी सगळ्यांना फ्रिप आठवला.

सेट्श्वायोचं मात्र एक चित्र समोर बसवून काढलेलं आहे. पकडून केपटाउनला कैदेत ठेवलेला राजा १८८२ साली दाद मागायला लंडनला गेला. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांसाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनच्या पायऱ्या वर्षानुवर्षं झिजवत होते. हा स्वतःच गेला, आणि त्याला निदान राणी भेटली. तिने कार्ल सोन या जर्मन चित्रकाराकडून त्याचं व्यक्तिचित्र करवून घेतलं. राजाला परत पाठवलं ते राज्याचे तुकडे करून, पलटणी उभ्या करायच्या नाहीत या अटीवर, आणि सोबत रेसिडेंट देऊन. १८८४च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे इंग्लंडात फ्रियरही गेला. टेम्सच्या काठी त्याचा पुतळा आहे. १८८७ साली झुलू मुलूख इंग्रजांनी रीतसर आपल्या राज्यात घेतला.

राहिल्या ढाली. ४ जुलै १८७९ला उलुंडीची लढाई झाली. चेम्सफर्डने चौकोन बांधला, तोफा आणि गॅटलिंग लावल्या, आणि तासाभरात सगळं आटोपलं. मग घोडेस्वारांनी राजाची वस्ती आणि आसपासच्या लष्करी वस्त्या पेटवल्या. हजारभर झोपड्यांची राजधानी, त्यात ढालींची कोठारंही आली. जळण्याआधी शिपायांनी हाताला लागेल ते उचललं आणि बोटीवर चढवलं. जी वस्तू झुलू योद्ध्याच्याही मालकीची नव्हती ती आता इंग्लंडमध्ये कुणा मेजरच्या, कुणा शिपायाच्या मालकीची झाली, दिवाणखान्यात दोन भाल्यांच्या मध्ये टांगली गेली, लिलावात विकायला आली. १८८५ साली चित्र पुरं करताना फ्रिपला खरी ढाल समोर ठेवायची असेल, तर त्याला लंडनबाहेर जायची गरज पडली नसणार.